जीपभर गुपित

आमच्या घरात एखादी गोष्ट कुणालाच कळू द्यायची नाही असं ठरलं, की पहिल्यांदा भाड्याची जीप सांगितली जाते. गुपित मोठं असेल तर मोठी जीप, जिच्यात मागं समोरासमोर बसता येतं. म्हणजे वाटेत सगळ्यांना त्यावर बोलता येतं.

माझं गुपित मोठं होतं.

लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली तरी मला मूल नव्हतं. त्यासाठीचे सगळे उपास मी केले, सगळे अंगारे मी खाल्ले, पोट चोळणाऱ्या म्हातारीकडं मीच जाऊन आले. मालकांना कुणी साधा एक गुरुवारही धरायला लावला नाही. शेवटी संभाजीनगरच्या दवाखान्यात दोघांची तपासणी झाली आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बाईत काही दोष नाही. मालक जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये भट्टीपुढं काम करतात. इतकी वर्षं आगीपुढं उभं राहून असं होऊ शकतं, नाहीतर मुळातच असेल, पण त्यांच्याकडून मूल होणार नाही, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या कुणाचं बीज घेऊन माझ्या पोटी मूल होऊ शकतं. ते देणाऱ्याला दाता म्हणतात. पण आधी त्याचा कायदा समजून घ्या, मग या, असं सांगून त्यांनी जालन्याच्या एका वकीलबाईंचा पत्ता दिला.

परत येताना मालक बसमधून बदनापूरला उतरल्यावर एवढंच म्हणाले, की कुणाला सांगायचं नाही. मी मान हलवली. मी मान चांगली हलवते. आमच्या घरात माझ्या मानेला जेवढं काम पडलं तेवढं तोंडाला कधी पडलं नाही.

मालकांनी फक्त त्यांच्या आईला सांगितलं. सासूबाईंनी फक्त तात्यांना सांगितलं, ते माझे चुलत सासरे. तात्यांनी भावकीतल्या पाच समजदार माणसांना सांगितलं, आणि समजदार माणसांना बायका असतात. पुढच्या बाजारी बांगड्या भरणारीनं माझा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, की आता मालकाची तब्येत कशी हाय. तेव्हा मला कळलं की गुपित नीट ठेवलं गेलंय.

मग ओसरीवर बैठक बसली. विषय होता माझं पोट. मी आत चहा करत होते.

तात्या बियाणं कंपन्यांचे कपाशीचे सीड प्लॉट घेतात. त्यामुळं जगातल्या कुठल्याही बियाण्यावर आपला शब्द शेवटचा, असं ते धरून चालतात. त्यांचं म्हणणं असं पडलं, की बी आणायचंच आहे तर बाहेरून कशाला, घरचं काय वाईट. धाकट्याला, म्हणजे माझ्या दिराला, दोन पोरं आहेत. उगवण सिद्ध झालेली आहे. रक्त घरचं राहील, जमीनही एकाच रक्तात राहील. समजदार माणसांनी माना डोलावल्या. दीर खाली बघून लाजले. आयुष्यात पहिल्यांदा मी दाराआडून त्यांना लाजताना पाहिलं, आणि ते लाजणं मला बिलकुल आवडलं नाही.

तात्यांनी स्वतःच्या शेतात घरची सरकी लावून किती वर्षं झाली, ते मला माहीत आहे. दर मिरगाला ते कंपनीची पिशवी आणतात. त्या पिशवीतलं बी कुठल्या नराचं आणि कुठल्या मादीचं, हे कंपनी सांगत नाही आणि तात्या विचारत नाहीत. त्यांच्याच प्लॉटात मी क्रॉसिंगला गेलेली आहे. सकाळच्या पारी नराची फुलं खुडायची आणि मादीच्या फुलांवर एकेक करून फिरवायची, असं ते काम. एकाही बोंडानं मला कधी भावकी विचारली नाही. पण हे मी आता लिहिते आहे. त्या दिवशी मी कपबशा घेऊन बाहेर गेले, तेव्हा मला एकच प्रश्न विचारला गेला, साखर बराबर पडली का. मी मान हलवली.

आत आले तर धाकटी जाऊ चुलीपुढं बसून लाकूड नको तेवढं आत सारत होती. ती माझ्यासारखी नाही, तिचं तोंड चालतं.

"अक्का, माझ्या नवऱ्यानं कुणाला काय द्यायचं हे पाच जण ठरवून राह्यलेत," ती म्हणाली. "मला कुणी इचारलं का? शेळी विकायची झाली तरी मला इचारतात."

"मलाबी कुणी इचारलं न्हाई," मी म्हणाले.

"तुमचं तर सोडा. तुम्ही न्हाई म्हणाल असं कुणाला वाटतच न्हाई."

ती खरं बोलली, म्हणून मला राग आला नाही. मला मूल हवं होतं. रात्रंदिवस हवं होतं. पण दिराचं नको होतं. ज्या माणसाला मी रोज भाकर वाढते, त्याचं लेकरू पोटात वाढवायचं, मग त्यानं जन्मभर अंगणाच्या त्या बाजूनं हक्कानं बघत राहायचं, आणि कधी भांडण झालं की म्हणायचं, ते तर माझंच आहे. जाऊ एका बाजूला जळणार, मालक दुसऱ्या बाजूला खाली मान घालणार. हे सगळं मला दिसत होतं. पण ते जिथं सांगायचं तिथं ते पाच समजदार पंच बनून बसले होते, आणि पुरुषांपुढं मला पदर सावरण्यापलीकडं काही येत नव्हतं.

काम पक्कं करायचं म्हणून बॉण्ड करायचं ठरलं. आमच्याकडं बैल घेतला, विहिरीत हिस्सा दिला, भाऊ वेगळे झाले, सोडचिठ्ठी झाली, काहीही झालं तरी शंभराच्या बॉण्डावर होतं. तात्यांनी बदनापूरच्या तहसीलबाहेर बसणाऱ्या टायपिंगवाल्याकडून तो लिहून आणला. त्यावर पाच पंचांच्या सह्या घेतल्या. गुपितावर सह्या कशाला, असं मालकांनी एकदा चाचरत विचारलं. तात्या म्हणाले, साक्षीदार नसलेलं गुपित उद्या कोर्टात टिकत नाही. आता फक्त वकिलाचा शिक्का मारून घ्यायचा राहिला होता. म्हणून जीप.

जीपमध्ये तात्या होते, पाचही पंच होते, सासूबाई होत्या. दिरांनी पांढरा शर्ट कडक इस्त्री करून घातला होता आणि अत्तर लावलं होतं, मुलगी बघायला निघाल्यासारखं. धाकटी जाऊ कुणी न बोलावता पर्स घेऊन येऊन बसली. मालक ड्रायव्हरशेजारी. मी मागच्या कोपऱ्यात. वाटेत एका पंचानं दिरांना विचारलं, की आज सकाळी दूध पिऊन निघालास का. सगळे हसले. मालक पुढच्या काचेतून बाहेर बघत राहिले. मिलच्या चिमण्या दिसायला लागल्या तशी त्यांनी मान दुसऱ्या बाजूला वळवली.

वकीलबाईंच्या ऑफिसात एवढ्या खुर्च्या नव्हत्या. पंच भिंतीला लागून उभे राहिले. वकीलबाईंनी विचारलं की यातले नवरा-बायको कोण. तोवर दीर समोरच्या खुर्चीवर बसले होते आणि जाऊ त्यांच्याजवळ उभी होती, तेव्हा बाई त्यांच्याशीच बोलायला लागल्या. मालक दारापाशी उभे होते. त्यांना त्या म्हणाल्या, की तुम्ही गाडीत थांबलात तरी चालेल. बाईंना वाटलं ते ड्रायव्हर आहेत. मग तात्यांनी खाकरून ओळख करून दिली आणि बॉण्ड टेबलावर ठेवला. म्हणाले, "मॅडम, सगळं तयार हाय. तुमचा फक्त शिक्का."

बाईंनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं वाचलं. टायपिंगवाल्याकडं असल्या कामाचा नमुना नसणार. त्यानं त्याच्याकडं होता तो घेतला होता आणि तो बैलाच्या सौद्याचा होता. लिहून देणार म्हणजे दीर. लिहून घेणार म्हणजे मालक. सदर वस्तू लिहून घेणार यांनी चांगल्या रीतीने पाहून व तपासून घेतली असून पुढेमागे तक्रार राहणार नाही. ताबा आज रोजी पंचांसमक्ष दिला. आणि वर्णनाच्या रकान्यात एक ओळ पुसायची राहून गेली होती.

"दाताला सहा, अंगानं निरोगी, औताला चालू," बाईंनी वाचलं आणि चष्म्यावरून वर बघितलं. "हे कोण?"

सगळ्यांनी दिरांकडं बघितलं. दिरांनी तोंड मिटून घेतलं. जाऊनं पदर तोंडात कोंबला तरी तिचे खांदे हलायचे थांबेनात. ज्या पंचानं जीपमध्ये दुधाचं विचारलं होतं, तो छताचा पंखा बघायला लागला.

वकीलबाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदाची घडी घालून तात्यांच्या हातात परत दिली आणि हा कुठं दाखवू नका, असं सांगितलं. मग त्या समजावून सांगायला लागल्या. अशा कामासाठी घरातला, भावकीतला, ओळखीतला माणूस चालत नाही. सरकारकडं नोंद असलेली बँक असते, तिच्याकडूनच दवाखाना घेतो. देणारा कोण हे घेणाऱ्याला कळत नाही आणि घेणारे कोण हे देणाऱ्याला कळत नाही. देणाऱ्याचा मुलावर कसलाही हक्क राहत नाही. मूल कायद्यानं या दोघांचं, नावाला, घराला, जमिनीला, सगळ्याला. त्यासाठी बॉण्ड लागत नाही, पंच लागत नाहीत. लागते ती या दोघांची लेखी संमती.

सासूबाईंनी विचारलं, नाव न्हाई तर न्हाई, जात तरी सांगतील का. बाई म्हणाल्या, रक्तगट बघतात, आजार तपासतात, जातीची सोय त्यात नाही. मग सासूबाई म्हणाल्या, बरं, एवढा खर्चा करायचा तर पोरगाच मिळंल ना. बाई म्हणाल्या, "मावशी, हे मला विचारलं तर ठीक आहे. दवाखान्यात विचारू नका. तो गुन्हा आहे."

तात्यांना अजून एक वाट दिसली. त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. मग एखादी गरजू बाई बघू, तिला पैसे देऊ, ती पोटात वाढवून देईल. बाईंनी त्यांच्याकडं बघितलं आणि सावकाश सांगितलं, की पैसे देऊन असं करवून घेणं म्हणजे तुरुंग. दुसऱ्या बाईनं मूल वाढवून द्यायचं तर ते बिनपैशांचं, आणि तेही बायकोला स्वतःला पोटात वाढवताच येत नसेल तेव्हा. त्यालाही जिल्ह्याच्या डॉक्टरांच्या मंडळाचा दाखला लागतो, मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो. आणि इथं तर या बाईंची तब्येत चांगली आहे. दोष त्यांच्यात नाहीच.

"मंग कायदा मदत कशात करून राह्यला?" तात्या म्हणाले. पंचांना ते पटलं.

त्यावर वकीलबाई म्हणाल्या की आता या दोघांना सोडून सगळ्यांनी बाहेर जायचं. तात्या म्हणाले, आमच्यापुढं बोला, आमच्यापासून काही लपलेलं नाही. हे मात्र अगदी खरं होतं. बाई उठल्या आणि दार उघडून धरून उभ्या राहिल्या. सगळे गेले. दाराला धुरकट काच होती. तिच्या पलीकडं डोक्यांच्या सावल्या हलताना दिसत होत्या, त्यातली एक टोपीची होती आणि ती अगदी काचेला चिकटलेली होती.

बाईंनी मला समोरच्या खुर्चीवर बसवलं. दिरांच्या अत्तराचा वास अजून त्या खुर्चीला होता. त्या म्हणाल्या, "संमती दोघांची वेगवेगळी लागते. एकाची नसेल तर काहीच होत नाही. आधी तुम्ही सांगा. तुम्हाला काय हवंय?"

मी मालकांकडं बघितलं.

"त्यांच्याकडं बघू नका. ते त्यांचं सांगतील."

मला माझ्या लग्नात कुणी हे विचारलं नव्हतं. चौथीतून काढलं तेव्हा विचारलं नव्हतं. त्यामुळं उत्तर तयार ठेवायची मला सवय नव्हती. बाई थांबून राहिल्या. त्यांनी घड्याळाकडं बघितलं असतं तर मी मान हलवून मोकळी झाले असते. पण त्यांनी बघितलं नाही.

"मला मूल पाहिजे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नवा वाटला. "भाऊजींचं न्हाई. कुणाचं हाय हे मला कधीच कळू नये, असंच पाहिजे."

मालक दाराकडं वळले. मला वाटलं आता संपलं. मग ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला वाटलं तुला घरचंच चालतंय. तू चहा देऊन राह्यली होती, काहीच बोलली न्हाई."

"तुम्हीबी बोलले न्हाईत."

"मी काय बोलणार? दोष माझा." त्यांनी हात चोळले. भट्टीच्या ठिणग्यांचे डाग त्या हातांवर आहेत, ते दिसले. "पण मॅडम, मलाबी न्हाई पाहिजे ते. रोज सकाळी लेकराच्या तोंडाकडं बघून मी काय भावाला रामराम घालू?"

वकीलबाई पहिल्यांदा हसल्या. मग त्यांनी सांगितलं की कागद दवाखान्यात मिळेल, घाई न करता पूर्ण वाचा, आणि सही करेपर्यंत दोघांतल्या कुणालाही नाही म्हणता येतं. घरी कुणाला काय सांगायचं हे कायदा सांगत नाही, ते तुम्ही ठरवा. मुलाला पुढं सांगायचं का, तेही तुम्हीच ठरवा. दारातून बाहेर पडायच्या आधी मालक माझ्या कानाशी म्हणाले, की या वेळी आईला नको. मी मान हलवली. त्या दिवशी ती हलवताना मला बरं वाटलं.

बाहेर पंच कोर्टासमोरच्या गाड्यावर भजी खात होते. टोपीवाले तात्या मात्र काचेपाशीच होते, त्यांना काही ऐकू आलं नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मालकांनी एवढंच सांगितलं, "कायद्यात बसत न्हाई म्हणल्या मॅडम." खोटं त्यात काही नव्हतं. सासूबाईंनी सुस्कारा सोडला. पंचांनी कायद्याला नावं ठेवली आणि जीप भरून आम्ही परत आलो. दिरांच्या शर्टाची इस्त्री येतानाही जशीच्या तशी होती.

पुढं आम्ही संभाजीनगरला जायला लागलो तेव्हा मालकांना मुतखडा झाला, असं सांगितलं. मुतखड्यात कुणाला रस नसतो असं आम्हाला वाटलं होतं. तो गैरसमज निघाला. प्रत्येकाकडं एक औषध होतं. पंचांनी पाणफुटीची पानं आणून दिली. तात्यांनी कुळथाचं पोतंच पाठवलं. सासूबाई रोज कोहळ्याचा रस काढून द्यायच्या, आणि बिचारे मालक धडधाकट अंगानं तो रोज प्यायचे. मिलमध्ये त्यांनी भट्टीवरून माल भरायच्या बाजूला बदली मागून घेतली. मला दिवस राहिले तेव्हा सासूबाईंनी गावभर सांगितलं की कोहळ्यानं अंगातली आग गेली आणि मूल राहिलं. अजून त्यांच्याकडं बायका कोहळा मागायला येतात. त्या देतातही, वर कसा किसायचा ते सांगतात.

मुलगी झाली. बारशाला सगळी जीप आली.

नणंदेनं कानात नाव सांगितलं आणि पाळणा हलायला लागला, तशी पंचांची तपासणी सुरू झाली. एकाला सासऱ्यांचं कपाळ सापडलं. दुसऱ्याला आजेसासूची हनुवटी सापडली, तिला त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. तात्यांनी कान धरून बघितला आणि म्हणाले, हा आपल्या घरचा कान, घरचं बी लपत न्हाई. असं म्हणून त्यांनी दिरांकडं बघितलं आणि डोळे बारीक केले. सगळे पंच त्यांच्या मागोमाग दिरांकडं बघायला लागले. कोहळ्याची गोष्ट त्यांनी बायकांसाठी ठेवली होती. जीपच्या त्या फेरीत काही ना काही काम झालंच असणार, वकीलबाईंनी ते गुपचूप उरकलं असणार, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

दिरांनी नाही म्हणायचं होतं. त्यांच्याएवढं कुणाला माहीत होतं, की त्यांनी काहीच दिलं नाही. पण ते हसले. मिशीवरून हात फिरवला, पुढं झाले, पाळण्यातून पोरगी उचलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आपलंच हाय की हे."

जाऊ घुगऱ्यांची परात घेऊन उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला. मालक दारात होते, त्यांची मान खाली गेली. ज्या गोष्टीची मला भीती होती ती माझ्या अंगणात, घुगऱ्या वाटता वाटता घडत होती, आणि ती खरीसुद्धा नव्हती.

मी उठले. बाळंतिणीनं बैठकीत जायचं नसतं. मी गेले, आणि दिरांच्या हातातून पोरगी घेतली.

"भाऊजी," मी म्हणाले, "त्या दिवशी जालन्याहून तुमच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा न मोडता परत आली. मंग मिशीला पीळ कशाचा देऊन राह्यले?"

मग जाऊ हसली, ऑफिसात दाबून ठेवलेलं होतं ते सगळं. "दाताला सहा," ती म्हणाली आणि परात खाली ठेवून खाली बसूनच हसायला लागली. ज्या पंचांनी त्या कागदावर सह्या केल्या होत्या त्यांना ती ओळ आठवली. त्यांनाही हसू आवरेना. दीर शेतात मोटर बघून येतो म्हणून निघून गेले. त्यानंतर त्यांनी माझ्या मुलीला कधी आपली म्हटलं नाही. काका म्हणून खाऊ आणतात, तेवढं ठीक आहे.

तात्यांचा अजून विश्वास बसलेला नाही. ते मधूनमधून कान बघून जातात. मालक तिला पुढं बसवून गाडीवर बदनापूरला नेतात, आणि ती त्यांच्यासारखीच डोळे बारीक करून ऊन बघते, ते तिनं त्यांचं पाहूनच उचललं असणार. तिला एक दिवस सांगायचं का, हे आम्ही दोघांनी अजून ठरवलेलं नाही. ठरवू तेव्हा जीप सांगणार नाही.

ती झोपली की मी तिच्या तोंडाकडं बघते. कपाळ बघते, हनुवटी बघते, तात्यांचा तो कानही बघते. ओळखीचं कुणी सापडत नाही.